पानाची पडजीभ

आमचे सर गवत खातात, ही बातमी मला कॉलेजात पाय ठेवायच्या आधीच कळली होती. अंबरनाथहून आम्ही चार-पाच मुली उल्हासनगरला जायचो. त्यातल्या एकीची ताई आदल्या वर्षी तिथूनच बारावी झालेली. तिने आम्हाला बजावून ठेवलं होतं, "बायोलॉजीला एक येडा आहे. ग्राउंडवर उकिडवा बसून गवत खातो. घाबरू नका, चावत नाही."

खाणंबिणं काही नव्हतं. गवताचं पान काडीला लपेटून वर येतं आणि एका ठिकाणी तिच्यापासून सुटं होतं. त्या सांध्यावर, आतल्या बाजूला, एक पातळ पापुद्रा उभा असतो. पान मागे वाकवल्याशिवाय तो दिसत नाही. सर पान वाकवायचे, डोळ्यांजवळ न्यायचे आणि मग तो सांधा हळूच खालच्या ओठावरून फिरवायचे. मी एकदा धीर करून विचारलं, की सर, ओठाला कशाला लावता? तर म्हणाले, "बोटाची कातडी निबर होते. ओठाची होत नाही. जे डोळ्याला दिसत नाही ते ओठाला कळतं." आता हे लांबून बघणाऱ्याला काय समजणार? गेटवरचा वॉचमन तर त्यांना बघितलं की आमच्याकडे बघून नुसता हसायचा.

त्या पापुद्र्याला इंग्रजी पुस्तकात लिग्यूल म्हणतात. म्हणून पोरांनी सरांचं नावच लिग्यूल ठेवलेलं. "चल रे, लिग्यूल का लेक्चर है." सरांना माहीत होतं. त्यांना राग यायचा नाही. उलट मला वाटतं, आतून बरंच वाटायचं.

दरवर्षीचा पहिला तास त्या एका शब्दावर जायचा. पोर्शन गेला खड्ड्यात. सर वर्गात यायचे, हजेरी घ्यायचे नाहीत, उजव्या पायातला बूट काढायचे आणि टेबलावर ठेवायचे. पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या, त्यात मीही होते. खोटं कशाला बोलू, वास यायचाच.

"हे काय?"

"बूट, सर."

मग लेसखालची पट्टी बाहेर ओढायचे. "आणि हे?"

आमच्या वर्गात एका सिंधी मुलाच्या वडिलांचं उल्हासनगरातच, कॅम्प दोनला, चपलांचं दुकान होतं. तो मागून ओरडला, "जीभ, सर! शू की जीभ बोलते हैं."

"शाबास. तुझ्या वडिलांना जी जीभ दिसली, तीच दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या लोकांना दिसली होती. लॅटिनमध्ये लिंग्वा म्हणजे जीभ. लिग्युला म्हणजे लहान जीभ. बुटाच्या या पट्टीला ते लिग्युला म्हणायचे." मग खिशातून एक लांब दांड्याचा, अरुंद चमचा निघायचा. "बरणीतून काही काढायला त्यांच्याकडे असा चमचा असायचा. त्याचा आकार कशासारखा? जिभेसारखा. म्हणून तोही लिग्युला." आणि शेवटी शर्टाच्या खिशातून गवताची एक काडी. "पुढे कोणीतरी गवताचं पान मागे वाकवलं. आत ही दिसली. त्याने नवीन शब्द केला नाही. घरातला होता, तोच इथे लावला."

मागून कोणीतरी विचारायचंच, "सर, एक्झाम में आएगा क्या?"

"नाही येणार."

"फिर?"

"फिर काय? सायन्सचे शब्द आकाशातून पडत नाहीत रे. कोणाच्या तरी चपलेतून, कोणाच्या तरी चमच्यातून येतात. तुला लॅटिनची भीती वाटते ना? ते लोक पण आपल्यासारखेच चपला घालून फिरत होते."

मला आठवतं, हे ऐकून मला कसंतरीच झालं होतं. माझे वडील फॅक्टरीत कामाला, आई विहारातल्या बायकांबरोबर शिवणाचे क्लास घ्यायची. घरात शिक्षणाला देवासारखा मान, पण इंग्रजी पुस्तक मी उघडायचे आणि लगेच मिटायचे. हे शब्द आपल्यासारख्यांसाठी नाहीतच, असं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की अरे, हे तर बूट आणि चमचा आहे. डॉक्टर काही मी झाले नाही, तो भाग वेगळा.

मराठी पुस्तकात याला जिव्हिका असा शब्द होता. तो आला की सर नाक मुरडायचे. "बरा आहे. पण हा ज्याने केला त्याने गवत बघितलं नव्हतं, डिक्शनरी बघितली होती."

बघणं, बघणं आणि बघणं. सरांचं दुसरं काही नव्हतंच. त्यांचं एक वाक्य आम्ही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो: "बघितलं नसेल तर नाव घ्यायचं नाही." हे वाक्य मला चांगलंच महागात पडलंय. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत सरांनी एक गवत ठेवलं होतं. दरवर्षी तेच ठेवायचे, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक. मी बसल्या बसल्या नाव लिहून टाकलं. नाव बरोबर होतं. सर माझ्या टेबलाशी आले.

"जीभ कशी होती? पापुद्रा, की केसांची ओळ?"

मी आत्ता कुठे पानाकडे हात नेला.

"होती तरी का? काही गवतांना नसतेच."

"सर, तुम्ही दरवर्षी हेच ठेवता."

"म्हणजे तू गवत नाही बघितलंस, मला बघितलंस," असं म्हणून त्यांनी मार्क कापले. मी बाहेर जाऊन रडले. येडा, खडूस, लिग्यूल, जेवढं येत होतं तेवढं सगळं बोलून घेतलं. सुटताना ते पायऱ्यांवर भेटले, तर म्हणतात, "माणसाचंही तसंच. वाकून बघितल्याशिवाय हा असा आणि ती तशी म्हणू नये." मी मनात म्हटलं, आता हे आणखी. पण ते वाक्य मेलं काही केल्या डोक्यातून गेलं नाही.

स्टाफरूममध्ये ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे. बाकीचे सर लोक शेअर, फ्लॅट, मुलांची लग्नं यांवर बोलत असायचे. सरांना त्यातलं काही यायचं नाही. कोणी चहाला बोलावलं तर जायचे, पण पाच मिनिटांत त्यांची बोटं कुंडीतल्या एखाद्या पानाकडे वळायची, आणि मग दुसरा माणूस आपोआप घड्याळ बघायचा. त्यांना मित्र नव्हते. मला तेव्हा वाटायचं, याला मित्रांची गरजच नसेल. आता वाटतं, गरज असायची. नुसतं कसं मागायचं ते माहीत नसतं काही लोकांना.

एकाच माणसापुढे सर मोकळे व्हायचे, त्या म्हणजे काकू, सरांच्या मिसेस.

काकू बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या. भातशेतीच्या घरातल्या. आमची सहल तिकडे नेली होती, तेव्हा त्या आल्या होत्या. उंच, सावळ्या, कपाळावर मोठं कुंकू आणि आवाज असा, की बांधावरून हाक मारली तर धरणाच्या भिंतीपर्यंत जावी. लग्न कसं जमलं ते त्यांनीच आम्हाला भाकरी खाता खाता सांगितलं. सर तरुणपणी एकटेच गवतं गोळा करत फिरायचे. एकदा काकूंच्या शेताच्या बांधावर बसून पान ओठाला लावत होते. काकू लावणीत होत्या, चिखलातून सरळ उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "ओ मास्तर, गवत खाता काय? घरात भाकर नाय?"

"मग सर काय म्हणाले?"

"काय म्हणनार? मीच आले की त्यांच्या घरात, भाकर घेऊन!"

सर लाजून दुसरीकडे बघत होते. आम्ही मुली पोट धरून हसत होतो. मग सरांनी खाचरातून दोन रोपं उपटली. दोन्ही हुबेहूब सारखी. "यातलं एक भात आहे, एक भातात उगवणारं गवत. कोणतं कोणतं?" कोणाला सांगता येईना. सरांनी पानं वाकवली. एकाच्या सांध्यात लांब, टोकदार, पांढरट जीभ. दुसऱ्याचा सांधा अगदी कोरा, काहीच नाही. "एवढाच फरक. लोंबी येईपर्यंत हा एवढाच."

"मी पान वाकवत नाय," काकू म्हणाल्या, "मला हाताला कळतं."

"हाताला चुकतं कधी कधी."

"तुमचं पुस्तक चुकतं कधी कधी."

दोघांचं हे भांडण बरीच वर्षं चालू असावं, दोघांनाही त्यात मजा येत होती. मग काकूंनी ती टोकदार जीभ नखाने उचलून आम्हाला दाखवली आणि म्हणाल्या, "हे बघा, पानाची पडजीभ." सर आमच्याकडे वळले. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. "ऐकलंत? आपल्या घशात ती लहान जीभ लोंबते ना, पडजीभ, तोच शब्द. पान वाकवलं की घसा दिसतो आणि आत पडजीभ. रोमवाल्याने जे केलं तेच हिने केलं." त्यानंतर सरांनी जिव्हिका हा शब्द कधी उच्चारला नाही. पेपरातसुद्धा पडजीभ लिहिलं तर पूर्ण मार्क.

काकू गेल्या तेव्हा सर अजून नोकरीत होते. मी तोवर लग्न होऊन, संसारात पडून, कॅम्प पाचला शाळेचे युनिफॉर्म शिवायचं छोटं वर्कशॉप टाकून बसले होते. उशिरा कळलं. भेटायला गेले तर सर एवढंच म्हणाले, "काविळीने गेली." मी उठून चहा टाकला. बोलून काय होणार होतं?

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर रिटायर झाले. निरोप समारंभाला जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. स्टेजवर सरांच्या गळ्यात झेंडूचा जाडजूड हार. बाकीच्या रिटायर होणाऱ्यांनी डोळे पुसत भाषणं केली. सर उठले, माइकपाशी आले आणि हारातलं एक फूल तोडून कुस्करायला लागले.

"तुम्ही याला एक फूल म्हणता. हे एक नाही. ही जी तुम्हाला पाकळी वाटते ती पाकळी नाही, ते अख्खं एक फूल आहे. कडेच्या या फुलांचा आकार जिभेसारखा, म्हणून त्यांचं नावही त्याच शब्दावरून आलंय. म्हणजे माझ्या गळ्यात आत्ता हजारो लहान लहान जिभा आहेत." एवढं बोलून थांबले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी गोड बोलणार. तर म्हणाले, "आणि एकही बोलत नाही. नमस्कार." आणि जाऊन खुर्चीत बसले.

लोक हसले. टाळ्या पडल्या. मला मात्र हसू आलं नाही. घरी जाऊन कुलूप उघडणाऱ्या माणसाचं वाक्य होतं ते.

मग सुरू झाले फोन. बदलापूरला तिसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट, वर गच्ची. मूलबाळ नव्हतं. माझा नंबर त्यांना कुठून मिळाला देव जाणे. हॅलो नाही, काही नाही. एकदम, "तुझ्या रस्त्यात गवत आहे का?"

"सर, जून महिना आहे. दारात आयांची रांग लागलीये युनिफॉर्मला. कॅम्प पाचला मुळात रस्ताच दिसत नाही, गवत कुठून दिसणार?"

"गटाराच्या कडेला बघ. असतं."

आणि ठेवून द्यायचे. मी चिडायचे, शेजारचा प्लास्टिकवाला सिंधी साईं म्हणायचा, "किसका फोन था बहनजी, इतना गुस्सा?" मी म्हणायचे, "घासवाले का." पण चिडले तरी संध्याकाळी शटर ओढताना डोळे आपोआप गटाराच्या कडेला जायचे. आणि गवत असायचं. मेलं असायचंच.

एकदा फोन आला, पलीकडे नुसताच श्वास. मी घाबरले. "सर? बरं आहे ना?"

"बरं आहे. आवाज निघतो का बघत होतो."

मग म्हणाले, की सकाळी दूधवाल्याला 'अर्धा' म्हणतो, त्यानंतर दिवसभर जिभेला कामच नसतं. दुपारनंतर घसा बसल्यासारखा होतो. म्हणून हल्ली गच्चीवर उभं राहून गवतांची लॅटिन नावं मोठ्याने म्हणतो. शेजारच्या आजींना वाटलं काहीतरी पाठ चाललाय, त्यांनी विचारलं, "कुठलं स्तोत्र हो हे? आमच्या नातवाला शिकवाल?" हे सांगताना सर हसले. मीही हसले. फोन ठेवल्यावर मला इतकं वाईट वाटलं, की समोरच्या युनिफॉर्मच्या फ्रॉकला मी खिसा उलटा शिवला.

पण सरांचा खरा जीव अडकला होता गच्चीवर. कंपनीतले निळे ड्रम आडवे कापून त्यांनी टब केले होते, आणि त्यात दर पावसाळ्यात भात लावायचे. काकूंच्या माहेरचं भात, तांबड्या दाण्याचं. काकूंनी लग्नात येताना एका डब्यात कडुलिंबाचा पाला घालून त्याचं बी आणलं होतं. तिकडच्या जमिनी भावांनी विकल्या, खाचरं जाऊन फार्महाउसचे प्लॉट पडले. ते भात पाड्यावर कोणाकडेच उरलं नाही. उरलं ते बदलापूरच्या गच्चीवर.

"भाताचं बी ठेवून देता येत नाही," सर मला समजवायचे, "एक-दोन वर्षांत मरतं. दरवर्षी पेरायचं, दरवर्षी काढायचं. एक वर्ष चुकलं की संपलं." काकू असताना दोघं मिळून करायची. काकू गेल्यावर सर एकटे करत राहिले. काढायचे किती? जेमतेम ओंजळ-दोन ओंजळी. त्यातलं खायचे नाहीत. सगळं पुढच्या वर्षाला.

मग सरांना साखरेने धरलं. डोळे गेले. अगदी आंधळे नाही, पण समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. एक पावसाळा हॉस्पिटलात आणि भाचीकडे गेला. पेरणी चुकली. पुढच्या वर्षी परत आले, तर टबातली माती वाहून गेलेली. तेव्हा या माणसाने काय करावं? एका टेम्पोवाल्याला पैसे दिले आणि काकूंच्या माहेरच्या खाचरातली माती गोणीत भरून आणायला सांगितली. तिथे अजून जेसीबी लागला नव्हता. "तिचीच माती," मला फोनवर म्हणाले. आवाज एकदम तरुण झाला होता. डब्यातलं जुनं बी त्या मातीत पेरलं. आणि काही दिवसांनी फोन आला, "उगवलं! दाट उगवलंय!"

मी म्हटलं, "वा, सर! सुटलात."

मग म्हणाले, "तू येऊन जीभ बघून जा."

"सर, सगळे बघतातच की."

"सगळे छान आहे म्हणतात. शेजारच्या आजी छान म्हणतात, दूधवाला छान म्हणतो. कोणी वाकत नाही. माझ्या ओठावर आता माझा भरवसा राहिला नाही." आणि मग खालच्या आवाजात, "सोसायटीचं पण आहे. सेक्रेटरी म्हणतो समोरच्या फ्लॅटमध्ये पाणी गळतंय. भात असेल तर कापणीपर्यंत थांबतो म्हणाला. नुसतं गवत असेल तर टब लगेच खाली."

श्रावणात एका रविवारी गेले. आठवडाभर पावसाने दडी मारली होती, ऊन मी म्हणत होतं. बिल्डिंगच्या खाली सेक्रेटरी स्कूटर पुसत होते. सरळ माणूस वाटला. "तुम्ही सरांच्या स्टुडंट ना? मॅडम, मी काय वाईट माणूस नाही हो. काकूंचं भात आहे म्हणून मी दोन मीटिंगांत भांडलोय त्यांच्यासाठी. पण लोक म्हणतात कचरा उगवलाय. उतरताना सांगून जा, म्हणजे त्यांची तोंडं गप्प."

सर गच्चीवर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. वाळले होते. मला सावलीवरून ओळखलं की आवाजावरून, कोण जाणे. "आलीस? बसू नकोस. आधी बघ."

टब हिरवेगार होते. गुडघ्यापर्यंत पानं, वाऱ्यावर हलतायत, अगदी दृष्ट लागण्यासारखी. मला वाटलं, झालं, एवढं सुंदर आलंय, भात नाही तर काय असणार. तरी वाकले. एक पान धरलं, मागे वाकवलं.

सांधा कोरा होता.

दुसरं वाकवलं. कोरं. पुढच्या टबाशी गेले, एकेक काडी चाळली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग सरांनी शिकवलं तसं, ओठावरून फिरवलं. गुळगुळीत. जुनं बी केव्हाच मेलं होतं. उगवलं होतं ते मातीबरोबर आलेलं. काकूंच्या शेतातलं, काकू आयुष्यभर उपटत आल्या ते गवत.

"घाई करू नकोस," सर म्हणाले. त्यांची बोटं टबाच्या काठावर चालली होती.

माझ्या तोंडाशी आलं होतं, आहे सर. दोन अक्षरं. कोणाचं काय जाणार होतं? म्हातारा खूश, सेक्रेटरी गप्प, मी चहा पिऊन घरी. बाकी सगळे तेच करत होते. पण तेवढ्यासाठी त्यांना मी नको होते. तेवढ्यासाठी दूधवाला होता. त्यांनी मला बोलावलं होतं कारण मी वाकणार होते.

"नाही, सर," मी म्हटलं. "पडजीभ नाही."

"सगळ्या टबांत?"

"सगळ्या."

सरांची बोटं काठावर थांबली. खालून कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. मला काय करावं कळेना, म्हणून मी नुसती उभी राहिले आणि माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"शाबास," ते म्हणाले.

"सर, सॉरी..."

"मला कळलं होतं गं. पहिल्या आठवड्यातच, ओठाला कळलं होतं. पण एकट्या माणसाने स्वतःला सांगितलेलं खरं वाटत नाही. दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागतं." मग म्हणाले, "संपलं मग तिचं."

मी नाक पुसत म्हटलं, "उपटून टाकू का, सर? मी टाकते सगळं." काहीतरी काम हवं होतं माझ्या हातांना.

"नको, राहू दे. त्याने काय केलंय? तेही तिच्याच शेतातलं आहे." टबातलं एक पान त्यांनी चाचपून धरलं आणि बोटांमधून सरकवलं. "सकाळी याला पाणी घालायचं असतं म्हणून मी उठतो. नाहीतर उठायचं कशाला?"

आम्ही चहा केला. साखर नसलेला, पांचट. त्यांनी मला शिवणकामाचं विचारलं, मुलांचं विचारलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी निघताना जिन्यापर्यंत आले, भिंत धरून.

"खाली सेक्रेटरी विचारेल."

"हो, सर."

"जे बघितलंस तेच सांग. टब नेऊ दे त्याला. उगाच गळतंय बिचाऱ्यांच्या घरात."

मी हो म्हटलं आणि उतरायला लागले. दुसऱ्या मजल्यावर थांबले, पदराने तोंड पुसलं. खाली सेक्रेटरी माझी वाटच बघत होते.

"काय मॅडम? भात आहे का कचरा?"

"भात आहे," मी म्हटलं.

"नक्की ना? नाहीतर मीटिंगमध्ये माझी वाट लागेल."

"प्रत्येक टबात वाकून बघितलं. प्रत्येक काडीला पडजीभ आहे."

"काय आहे?"

"पडजीभ. भाताची खूण असते ती. आमच्या सरांनीच शिकवलंय." माझा आवाज जरा चढलाच. "काकूंचं भात आहे, दिवाळीपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"नाही नाही, मग प्रश्नच मिटला," असं म्हणून ते पुन्हा स्कूटर पुसायला लागले.

मी गेटपर्यंत गेले असेन, तेवढ्यात भिंतीवरच्या पाइपातून पाण्याची धार खाली यायला लागली. आकाशात ढग नव्हता. वर सर टबांना पाणी घालत होते.